उताऱ्यावरची सात मिनिटं

शनिवार, ४ एप्रिल १९९२. पाडवा.

आज आमची गाडी सुरू झाली. सकाळी ठीक नऊला पनवेल सोडलं आणि दहा वाजून अठरा मिनिटांनी करंबेवाडीला पोचलो. वेळापत्रकात दहा अकरा आहे. पहिल्याच दिवशी सात मिनिटं उशीर. बाकीच्यांनी नारळ फोडले, पेढे वाटले, मी मात्र त्या सात मिनिटांतच अडकून बसलो. सुनंदा म्हणते, तुमच्या अंगात रक्त नाही, सेकंदकाटा फिरतो. म्हणू दे. बावीस वर्षं मुंबईत गिरणीत टाइमकीपर होतो. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांचं सगळं गेलं, मला निदान घड्याळ बघायची सवय तरी उरली.

नव्या वहीत एकदा नीट लिहून ठेवतो. डोंगरपट्टी प्रवासी सहकारी संस्था, अध्यक्ष दाजी, सेक्रेटरी मी. मालमत्ता एक जुनी पस्तीस आसनांची बस, ड्रायव्हर काळूराम. गाडी रोज वाडीला मुक्कामी. सकाळी सहाला वाडी सोडून सात अकराला पनवेल, मग दिवसभरात आणखी दोन फेऱ्या. आजवर करंबेवाडीच्या माणसाला गाडी धरायची तर अकरा किलोमीटर चालावं लागे. मागच्या वर्षी एक बाळंतीण झोळीतून आणताना वाटेतच गेली. चौथीनंतर एकही मुलगी शिकलेली नाही. म्हणून हा खटाटोप.

परवाना सहा महिन्यांचा, तात्पुरता. मध्ये पाहणी समिती येणार. ती दोनच गोष्टी बघणार, गाडी वेळेवर येते का आणि गाडीत उतारू आहेत का. दोन्ही असलं तर परवाना कायम. नसलं तर वाडीची गाडी बंद.

सात मिनिटं कुठे गेली ते मी पाहिलं आहे. वाडीच्या अलीकडे तीन किलोमीटरवर ओहोळ आहे. त्याच्यावर फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पावसात पाणी वरून जातं असला. त्याच्या अलीकडे आंब्याखाली काळूरामनं गाडी उभी केली. कुणी काही न सांगता सगळे खाली उतरले. काळूराम बाजूच्या झुडपात गेला, लघवीला गेला असावा. तो वर आल्यावर लोक चालत फरशीपलीकडे गेले, मागून तो रिकामी गाडी घेऊन गेला आणि सगळे पुन्हा चढले. दाजीही धोतर सावरत निमूट चालले. मी एकटाच गाडीत बसून होतो, तर काळूराम म्हणाला, "सायेब, तुमी पन." उतरलो.

सोमवार, ६ एप्रिल

काळूरामला विचारलं, तिथे गाडी का रिकामी करता? तो म्हणाला, "तिथं उतारा हाय, सायेब."

बस, एवढंच. जणू त्यात सगळं आलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या आंब्याखाली मी स्वतः पाहिलं होतं. एक लिंबू, हळदकुंकू लावलेला भात, फुटक्या नारळाची कवड. म्हणजे कुणीतरी दृष्ट काढून उतारा टाकतं आणि त्या भुताखेतांच्या भयानं पस्तीस माणसं रोज गाडीतून उतरतात. विसावं शतक संपत आलं. आणि गंमत म्हणजे आमच्या थांब्यांच्या यादीतसुद्धा दाजींनी "उतारा" असं नाव घातलं आहे. मी लाल शाईनं खोडलं. संस्थेच्या फलकावर असल्या नावाचा थांबा मी तरी ठेवणार नाही.

रविवार, १२ एप्रिल

कुणी म्हणू नये की टाइमकीपरनं खुर्चीत बसून हुकूम काढला. आज मुद्दाम फरशी बघायला गेलो. ओहोळात पाण्याची जेमतेम रेघ. छत्रीच्या टोकानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिली. ठणठणीत. एके ठिकाणी आवाज जरा वेगळा वाटला, पण वर खडी उकरली होती तिथेच.

काळूराम बरोबर होता. म्हणाला, "वरनं काय बगता, सायेब. खाली उतरून बगा."

खाली करवंदीची जाळी आणि माझे बूट पाडव्याचे. गेलो नाही. वही खाजगी आहे म्हणून खरं लिहितो.

परत येताना त्याच्या पँटकडे लक्ष गेलं. संस्थेनं शिवून दिलेली खाकी, दहा दिवस झाले नाहीत, आणि गुडघ्यापर्यंत कुसळंच कुसळं. गणवेशाची शिस्त यावर दोन शब्द सुनावले. तो वाकून एकेक कुसळ काढत राहिला. चाळिशीचा माणूस, मूळचा ओवे गावाकडचा, पूर्वी डोंगरातून लाकडाचा ट्रक आणायचा. गाडी उत्तम चालवतो, पण अडेल.

बुधवार, १५ एप्रिल

लेखी हुकूम काढला. फरशीजवळ गाडी थांबवू नये, उतारू उतरवू नयेत. काळूरामनं दोनदा वाचला.

"म्हंजे भरली गाडी न्यायची?"

"हो. गाडी भरण्यासाठीच असते, काळूराम."

"खालनं पोकल हाय, सायेब. पानी खातंय."

"मी स्वतः ठोकून पाहिलंय."

त्यानं सही केली. मराठी दुसरी शिकलेल्या माणसाची सही, एकेक अक्षर सुटं. उगाच वाईट वाटलं, पण हुकूम मागे घ्यायचं काही कारण दिसलं नाही.

शनिवार, २ मे

सतरा दिवस गाडी सात अकराला पनवेल स्टँडवर. एकदा सात दहा. मी रोज हातात घड्याळ घेऊन उभा असतो, भाजीवाल्यांनी माझं नाव "ठोका" ठेवलं आहे. रोज सरासरी एकतीस उतारू. वाडीतल्या चार मुली नेऱ्याच्या शाळेत नाव घालून आल्या. हे लिहिताना मला खरोखर आनंद होतो. गिरणीत बावीस वर्षांत मी माणसांना उशिराचा शेरा मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

गुरुवार, २१ मे

स्टँडवर शुक्री भेटली. वाडीतली म्हातारी, करवंदं आणि रानभाजी विकायला येते. दाजी असोत की फौजदार, ती सगळ्यांना अरेतुरे करते. सुरुवातीला खटकायचं, आता कुणी "तू" म्हणणारं राहिलं नाही म्हणून बरंही वाटतं.

म्हणाली, "तुजी गाडी लय लवकर सुटते. माजी नात चुकली परवा."

"सहाला सुटते, शुक्रीबाई."

"सा म्हंजे काय ते मना नाय ठावं. पन त्यो तुज्या सा च्या आदी जातो."

काळूरामला विचारलं. तो म्हणाला, घड्याळ पुढं असंल. मी त्याचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून दिलं. त्यानं मान हलवली. हा माणूस मला कधी खोटं बोलताना सापडला नव्हता, म्हणून सोडून दिलं. पँटला कुसळं तशीच, त्याबद्दल मात्र पुन्हा बोललो.

बुधवार, १० जून

काल रात्री भाड्याच्या जीपनं वाडीला जाऊन राहिलो, कुणाला न कळवता. आज सकाळी गाडीचा आवाज झाला तेव्हा घड्याळ पाहिलं. पाच त्रेपन्न. बरोबर सात मिनिटं आधी.

म्हणजे हा पठ्ठ्या दोन महिने सात मिनिटं आधी निघत होता, फरशीशी माणसं उतरवत होता आणि सात अकराला साळसूदपणे पनवेलला उभा राहत होता. संताप आला. त्याहून जास्त, फसवलं गेल्यासारखं वाटलं. मी स्टँडवर घड्याळ घेऊन उभा आणि सगळी गाडी मनातल्या मनात हसत असणार.

गाडी परत बोलावली. सहाला सोडली. मी पुढच्या बाकावर बसलो आणि वाडीच्या बाजूनं फरशी आली तेव्हा म्हटलं, चला.

काळूरामनं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या बाजूचं दार उघडं टाकलं आणि गाडी घातली. मागे पस्तीस माणसं. शुक्रीनं नातीला खिडकीशी बसवून तिचा दंड धरला होता. बायकांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, देवळात जावं तशा. मध्यावर खालून एक आवाज आला, रिकामं पिंप लाथाडावं तसा. पलीकडे पोचल्यावर कुणीतरी जोरात श्वास सोडला. एक मिनिट लागलं, त्याहूनही कमी.

"बघा," मी म्हटलं, "काही झालं का? आणि तो हत्यारांचा डबा सीटखाली नीट बांधा, वाजतो."

"डबा घरी हाय, सायेब," काळूराम म्हणाला.

सोमवार, २२ जून

पावसानं जम बसवला आहे. काळूरामला गाडीवरून काढलं. नोकरीवरून नाही. खांदा कॉलनीतल्या आमच्या शेडमध्ये गाडी धुणं आणि बदली ड्रायव्हर म्हणून ठेवला. दाजी म्हणाले, "सेक्रेटरी, तो रस्ता त्याच्याइतका कुणाला ठाऊक नाही." मी म्हटलं, रस्ता एकच आहे दाजी, त्यात ठाऊक असण्यासारखं काय आहे? हुकुमावर सही मात्र माझी एकट्याची आहे, त्यांनी नंतर बघू म्हणून टाळली.

नवा ड्रायव्हर जीवन. पनवेलचाच, टेंपोवर होता. सांगितलं तेवढं करतो, विचारत काही नाही. पँट स्वच्छ.

बुधवार, ८ जुलै

तिकिटांत एक कोडं. वाडीचे लोक खैराच्या वळणापर्यंतचं तिकीट काढतात आणि तिथे उतरतात. तिथून फरशी ओलांडून पलीकडच्या थांब्यापर्यंत पाव किलोमीटर पायी, भर पावसात. जीवन गाडी घेऊन पुढे जातो, पलीकडे तीन-चार मिनिटं उभा राहतो, ते येऊन नवीन तिकीट काढतात. दोन तिकिटं मिळून एकापेक्षा महाग पडतात. म्हणजे जास्त पैसे देऊन भिजत चालायचं. मी हसावं की रडावं?

सुनंदाला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, एखादा माणूस वेडा असतो. सगळी वाडी कशी वेडी असेल?"

"अडाणीपणा सार्वजनिकच असतो," मी म्हटलं. ती कणीक जरा जास्तच वेळ मळत राहिली.

शुक्रवार, १० जुलै

खैराचं वळण आणि फरशीपार, दोन्ही थांबे बंद केले. आता नेरे सोडलं की थेट वाडी. गाडी पाच मिनिटं आधी पोचायला लागली. एवढं चोख वेळापत्रक पनवेल तालुक्यात कुणाचं नसेल.

गुरुवार, ३० जुलै

उतारू घटत आहेत. मागच्या सोमवारी चोवीस, मग पंधरा, काल नऊ, आज चार. चारही बाहेरचे, एक कापडविक्या, दोन शिक्षक, एक पाहुणा. वाडीचं कुणीच नाही. त्या चार मुलीही नाहीत.

बाजारात शुक्री दिसली, पायांवर मांड्यांपर्यंत चिखल. पहाटे निघून अकरा किलोमीटर चालून आली होती.

"गाडी असताना चालत का येता?"

"तुजी गाडी चांगली हाय रं," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली हे मला कळलं. "पन पानी लाल झालंय. वरचं पानी लाल नाय, फरशीच्या खालनं येतंय तेच लाल हाय."

"मग?"

"मग काय. माती कुटनं येते?"

मी म्हटलं, डोंगरातून येते, पावसाळ्यात सगळंच पाणी गढूळ असतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत उत्तर चुकल्यावर मास्तर बघायचे त्याची आठवण झाली. मग भारंगीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि पैसे घेतले नाहीत.

मी नाराज आहे. या लोकांसाठी एवढं करायचं आणि यांनी पायीच चालायचं. आणि मनात, कुणाला सांगणार नाही, थोडी धाकधूकही आहे. समिती आली आणि गाडी रिकामी दिसली तर सगळं संपलं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

पत्र आलं. समिती सोमवारी, सतरा तारखेला. ते जीपनं आधीच वाडीला जाऊन थांबणार आणि आमची नऊची गाडी किती वाजता, किती उतारू घेऊन येते ते बघणार.

दिवसभर डोकं चालेना. संध्याकाळी सुनंदा भजनी मंडळाहून आली आणि एकदम सुचलं. श्रावणी सोमवार आहे, वाडीला महादेवाचं जुनं देऊळ आहे. खांदा कॉलनीच्या भजनी मंडळाला दर्शनाला न्यायचं. सत्तावीस बायका. गाडी भरली.

सुनंदा आधी हसली. मग म्हणाली, "ती फरशी काय म्हणत होतात तुम्ही?"

"ते खूळ आहे गं."

"तुम्ही येणार ना बरोबर?"

"मी समितीबरोबर आधी जाणार. पलीकडे उभा राहून तुमची गाडी येताना बघणार."

ती हो म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली.

शनिवार, १५ ऑगस्ट

जीवनला हिवताप. तीन दिवस उठणार नाही. दुसरा ड्रायव्हर मिळेना, सगळे सुटीवर. उरला काळूराम.

त्याला शेडमध्ये बोलावलं, स्वच्छ सांगितलं. एक मिनिटही उशीर झाला तर वाडीची गाडी जाईल, कायमची. शुक्रीची नात पुन्हा शाळेत जाणार नाही. कुणी बाळंतीण पुन्हा झोळीतून येईल. त्यानं सगळं मान खाली घालून ऐकलं.

"गाडी पोचली पायजे," तो म्हणाला. "ते मनापन ठावं हाय, सायेब. माजी भाचीच व्हती ती, झोलीतली."

मला हे माहीत नव्हतं. पण शिस्त ती शिस्त. घरी येऊन त्याच्या बडतर्फीचं पत्र टाइप करून ठेवलं आहे. तारीख तेवढी घातलेली नाही. सोमवारी उशीर झाला तर तिथेच हातात देईन.

सोमवार, १७ ऑगस्ट. करंबेवाडी, देवळाची पायरी.

वेळ घालवायला लिहितो आहे. समितीचे दोघे चहा घेत आहेत. त्यांचा जीपवाला म्हणाला, फरशीवर चाक जरा बसल्यासारखं वाटलं. पाणी वरून वीतभर आहे, त्याला तसं वाटलं असेल. पाऊस थांबला आहे. शुक्री देवळाच्या ओट्यावर बसली आहे. मी म्हटलं, आज बघ, भरून येते गाडी. तिनं विचारलं, कोन हायेत आत? मी म्हटलं, माझी बायको आणि तिच्या मैत्रिणी. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग विचारलं, हाकतो कोन? काळूराम म्हटल्यावर खांदे खाली आले तिचे.

१०.०५. अजून सहा मिनिटं.

१०.११. नाही.

१०.१४. समितीचे साहेब घड्याळ बघत आहेत. मी हसून म्हटलं, येईलच.

१०.१८. सात मिनिटं. मला माहीत होतं. सत्तावीस बायकांना त्यानं त्या आंब्याखाली चिखलात उतरवलं असणार, माझ्या बायकोसकट. मुद्दाम, आजच्या दिवशी. पत्रावर तारीख घातली. खिशात ठेवलं.

१०.२३. अजून नाही. सातच लागायला हवीत.

शुक्री उठली. खाली रस्त्याकडे निघाली. पळते आहे. एवढी म्हातारी पळते हे

सोमवार, २४ ऑगस्ट

सगळ्या बायका सुखरूप आहेत. हे आधी लिहितो.

सुनंदानं सांगितलं ते जसंच्या तसं. आंब्याखाली काळूरामनं गाडी थांबवली, किल्ली काढून खिशात घातली. "ताई, पाय मोकले करा. इथं उतारा हाय." एक-दोघी कुरकुरल्या, नेसूचं भिजेल म्हणून. सुनंदा स्वतः म्हणाली, "अहो, उशीर झाला तर ते रागावतील." तो म्हणाला, "सायबांना मी सांगतू." मग तो जाळीत खाली उतरला. वर आला तेव्हा छातीपर्यंत भिजला होता आणि चेहरा उतरला होता. एकमेकींच्या पदराला धरून, कडेकडेनं, एकेक करून त्यानं सत्तावीस जणी पलीकडे नेल्या. स्वतः चार खेपा केल्या, म्हाताऱ्यांना हात द्यायला. सुनंदा शेवटची. तिनं विचारलं, "आणि गाडी?"

"गाडी नाय पोचली तर वाडीची गाडी जाईल, ताई," तो म्हणाला. "रिकामी हाय. जाईल हलकी."

त्यानं आपल्या बाजूचं दार उघडं टाकलं होतं. सुनंदाला ते चांगलं आठवतं. मध्यावर आल्यावर फरशी खाली बसली. तुटली नाही, बसली, असं ती म्हणते. गाडी बाजूला कलली आणि बायका ओरडेपर्यंत तिथे काही नव्हतं. काळूराम दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, नेऱ्याच्या अलीकडे.

आज सुनंदानं माझा त्या दिवसाचा सदरा धुवायला घेतला. खिशातला कागद काढला, उलगडला, पूर्ण वाचला, तारखेसकट. माझ्यापुढे पाटावर ठेवला आणि मोरीत गेली. मी कागदाकडे बघत बसलो. मला लाज वाटते, एवढंच मला लिहिता येतं.

बुधवार, २ सप्टेंबर

काळूरामच्या घरी जाऊन आलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "ते बोलायचे, सायेब वायट नाय, नुसता वरनं बगतो."

परतताना शुक्री भेटली. तिला विचारलं, "त्या आंब्याखाली उतारा कुणासाठी टाकता तुम्ही?"

"कोन टाकतं? ते लिंबू बिंबू कुनीबी टाकतं, झाड दिसलं की टाकतं." मग तिनं मला लहान पोराला समजावतात तसं समजावलं. "उतारा म्हंजे उतरायचा. गाड्यातनं उतरायचा. माजा बापूस बैलगाडी हाकायचा, तवापासून उतारा. तुला कुनी सांगितला नाय?"

सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात, चार शब्दांत सांगितलं होतं.

रविवार, ६ सप्टेंबर

समितीचा अहवाल आला. गाडी नियत वेळी पोचली नाही, सबब परवाना कायम करण्याची शिफारस नाही. त्यात खोटं काही नाही. वाडी पुन्हा चालते आहे.

पेंटरकडून एक पाटी करून घेतली. त्याला मजकूर दिला. "उतारा. येथे उतारूंनी उतरावे." तो हसला, म्हणाला, "काका, एकच शब्द तीनदा लिहायला सांगताय." मी म्हटलं, तीनदा लिही, मला एकदा सांगून कळला नव्हता.

आज पाटी घेऊन एकटा चालत गेलो. आंब्याला बांधली. फरशीचा पलीकडचा निम्मा भाग गेला आहे, अलीकडचा अजून उभा आहे. ओहोळ उतरला आहे. मग घड्याळ काढलं. सवयच. पाऊलवाटेनं पात्रातून पलीकडे गेलो, रमतगमत. दोन मिनिटं. परत आलो, पुन्हा दोन. गाडीत चढायला-उतरायला आणखी एक धरू. तीन झाली.

मग सात का लागायची?

बूट काढले आणि जाळीतून खाली उतरलो. वाट होती. करवंदीतून एका माणसाच्या पायानं पडलेली, रोजच्या जाण्यायेण्यानं पडते तशी वाट, सरळ फरशीच्या पोटापर्यंत. तिथे उभं राहून वर पाहिलं. आत एवढी पोकळी, की मी ताठ उभा राहिलो. कडेच्या दगडावर कोळशानं मारलेल्या रेघा होत्या, एकाखाली एक. माती किती गेली त्याच्या खुणा. सगळ्यात वरची पुसट, खालच्या ठळक. मोजल्या नाहीत. लघवीला जातो असं मी पहिल्या दिवशी लिहिलं आहे.

चार मिनिटं. खाली जायला, बघायला, वर यायला. घड्याळ लावून पाहिलं.

घरी आलो. सुनंदा तांदूळ निवडत होती. गेले तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिनं माझ्या पँटकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत कुसळं. मी वाकून काढायला लागलो, पण हाताला धड सापडेनात. तिनं ताट बाजूला ठेवलं, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि एकेक कुसळ उपटून मुठीत गोळा करू लागली.

"कुठे गेला होतात?" तिनं विचारलं.

"खाली," मी म्हटलं.